दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

आजचा विषय आहे भयपट आणि थरारपट. मुख्यतः अलीकडच्या वीसेक वर्षांतले, पण मधूनमधून मागेही जावं लागेल. एक सूचना आधीच देतो. बोलण्याच्या ओघात मी दोन-चार सिनेमांची रहस्यं फोडणार आहे. ज्यांना 'अंधाधुन' किंवा 'तुंबाड' अजून बघायचाय, त्यांनी तेवढ्यापुरते कान झाकून घ्यावेत.

मी आत्ता या टेबलावर जोरात हात आपटला तर तुम्ही सगळे दचकाल. त्यात माझं कसब काहीच नाही. तान्हं बाळही दचकतं. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, विचार पोचायच्या आत घडून जाणारी. आजच्या भयपटाची निम्मी भिस्त या एका क्रियेवर आहे. आधी शांतता, मग आरसा, आरशाचं दार बंद होतं आणि मागे कुणीतरी उभं. जोडीला कानठळ्या बसवणारा आवाज. यालाच जम्प स्केअर म्हणतात.

ही युक्ती नवी नाही, हे मात्र लक्षात घ्या. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्यानं चाललीय. मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. ती घाबरून पावलं उचलते, मागे वळून बघते, आणि अचानक फुस्स आवाज करत पडद्यावर शिरते ती एक साधी बस! पुढे कित्येक वर्षं लोकांनी ही बस उचलली. पण काय उचललं? बसचा आवाज उचलला. त्याआधीची ती पावलं, आणि पावलांचा थांबलेला आवाज, तिकडे दुर्लक्ष केलं. खरं काम तर त्या थांबलेल्या आवाजानं केलं होतं.

आता घाबरण्याकडे येऊ. हिचकॉकनं त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत दिलेलं बाँबचं उदाहरण तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि टेबलाखालचा बाँब एकाएकी फुटला, तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. पण बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि त्या दोघांना कळलेलं नाही, तर त्याच रटाळ गप्पा ऐकताना जीव टांगणीला लागतो. म्हणजे प्रश्न असा, की कुणाला काय ठाऊक आहे? माझ्या मते भयपट असो की थरारपट, त्याचं सगळं बरंवाईट या एका प्रश्नावर ठरतं.

जेम्स वानचा 'द कॉन्ज्युरिंग' घ्या, २०१३ चा. आई डोळ्यांवर पट्टी बांधून मुलीशी लपाछपी खेळतेय. टाळी वाजली की त्या दिशेला जायचं. ती एका खोलीत येते, कपाटाचं दार उघडतं, आतून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजवतात. आपल्याला दिसतंय, तिला दिसत नाहीये. ती हसत हसत कपाटाकडे जाते. झालं! हाच तो टेबलाखालचा बाँब. किंवा 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' बघा. सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात चित्रित केलेला सिनेमा, आणि जगभरातून त्यानं १९ कोटी डॉलरहून जास्त कमावले. त्यात आहे काय? झोपायच्या खोलीत न हलणारा कॅमेरा आणि उघडं दार. आपण त्या दाराकडे बघत बसतो. आधुनिक भयपटाचं बळ मला इथं दिसतं. त्याला वाट बघायला लावता येतं, आवाज काढून घेता येतो. 'अ क्वाएट प्लेस'मधला जिन्यातला तो उभा खिळा आठवा. खिळा आपण पाहिलाय. आता फक्त पाय कधी पडतो एवढंच.

मग गाडी अडते कुठे? उत्तरार्धात. त्याच 'कॉन्ज्युरिंग'चा शेवट तळघरात होतो. आरडाओरडा, उडणाऱ्या वस्तू, मंत्र. भूत कोण, कुठल्या साली मेलं, त्याला काय हवंय, सगळं आपल्याला सांगून झालेलं असतं. भुताची पूर्ण माहिती मिळाली की ते भूत राहत नाही, प्रकरण होतं. त्याचा निपटारा करायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, की माहिती दिली तरी वाईट आणि नाही दिली तरी वाईट, मग करायचं काय? 'तुंबाड'नं काय केलं ते बघा. हस्तर कोण, त्याला सोन्याचा आणि धान्याचा हव्यास कसा, त्याची पूजा का होत नाही, हे सगळं सिनेमा पहिल्या काही मिनिटांतच सांगून मोकळा होतो. पिठाची बाहुली ठेवली की तो येणार, हा नियमही कळतो. त्यामुळे पुढे स्पष्टीकरणासाठी गोष्ट थांबवावी लागत नाही. विनायक दोरानं खाली उतरतो तेव्हा काय येणार हे त्याला ठाऊक असतं आणि आपल्यालाही. तरी तो पुन्हा पुन्हा उतरतो. भीती हस्तरची कमी, त्या उतरण्याची जास्त. राही अनिल बर्वे यांना ही कल्पना नारायण धारपांच्या कथेवरून सुचली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

थरारपटाकडे येऊ. इथं आजार वेगळा आहे, धक्कातंत्राचा. श्रीराम राघवनच्या 'अंधाधुन'मध्ये आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये वाजवतोय आणि समोर प्रेत पडलंय. त्याला दिसतंय हे आपल्याला ठाऊक, तिला नाही. त्याला वाजवत राहावं लागतं. 'दृश्यम'मध्येही, जीतू जोसेफचा मूळ मल्याळी घ्या किंवा निशिकांत कामतचा हिंदी, खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. लपवलेली गोष्ट शेवटची एकच. दोन तासांचा ताण त्या शेवटच्या गोष्टीवर चालत नाही, आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींवर चालतो.

नकलाकारांनी मात्र फक्त शेवटचा धक्का घेतला. आणि धक्का हवा म्हटलं की सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खुनी मनोरुग्ण निघणं. १९६० च्या 'सायको'त शेवटी मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळं समजावून सांगतो. त्या थोर सिनेमातला मला तो सर्वांत कंटाळवाणा भाग वाटतो. पण वारसा त्याचाच चालला. २०१६ च्या 'स्प्लिट'वर मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातून टीका झाली ती यामुळेच. ज्या घरात असा आजार आहे, त्या घरातला माणूस हे बघून काय म्हणत असेल? आपल्याकडे आधीच डॉक्टरकडे जायची लाज. त्यात सिनेमा सांगतो, आजारी माणूस म्हणजे सुरा. मला ही नुसती कलेतली चूक वाटत नाही.

भीती कशाची हे ठरवणंही दिग्दर्शकाचं काम आहे. जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'मध्ये काळ्या तरुणाला भीती वाटते ती गोऱ्या सासुरवाडीच्या गोड बोलण्याची. आपल्याकडे विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त गरोदर बाई उसाच्या फडात अडकलीय. वाट सापडत नाही. उसात शिरलेल्या कुणालाही हे भय कळेल, आकाशाखेरीज काही दिसत नाही! आणि त्या घरातल्या माणसांना मुलगी नको, मुलगाच हवा. हे भूत गावाबाहेरच्या पिंपळावरचं नाही, माजघरातलं आहे. शेवटाकडे जुनी हकीगत उलगडताना तोही सिनेमा थोडा रेंगाळतो, पण तोवर फडानं आपलं काम केलेलं असतं. पुढे याच दिग्दर्शकानं त्यावरून हिंदीत 'छोरी' केला.

इथं एक चिठ्ठी आलीय: "गोष्ट आधी कळली तर मजा जात नाही का?" धक्क्यावर उभ्या सिनेमाची जाते. दुसऱ्यांदा बघताना तिथं उरतं काय? पण 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. त्या गर्दीतल्या अनेकांनी तो आधी घरी पाहिलेला होता. खाली काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी तिकीट काढून विनायकाबरोबर पुन्हा उतरले.