अस्वल आलं असतं तर वाघ्यानं काय केलं असतं?

रात्रीचे अकरा वाजले असतील. वाघ्या एकदम उठून उभा राहिला. भुंकला नाही. नाक तेवढं वर केलं आणि घशातल्या घशात गुरगुरायला लागला.

थांबा, थांबा! आम्ही कुठं होतो ते आधी सांगतो.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. ते माझ्या बहिणीचं गाव. याच तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर मोठं धरण आहे. लातूरकर पितात ते पाणी इथलंच. तिथं मासेमारी करणारे तात्या आमच्या ओळखीचे. संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते जाळं लावतात आणि पहाटे काढतात. मधली रात्र काठावरच. भाच्यानं हट्ट धरला, "मामा, एक रात्र आपणही राहू!" मग काय, आम्ही दोघं, दोन वाकळा, एक बॅटरी आणि गावठी कुत्रा वाघ्या अशी वरात निघाली.

गळाला कणकेची गोळी लावून भाच्यानं दोन चिलापी पकडल्या. आम्ही त्या खडकावर साफ केल्या, खवले आणि आतडी दहा-पंधरा पावलांवर भिरकावली, झणझणीत कालवण केलं. भाच्यानं हात नुसते पाण्यात बुचकळले आणि वाकळेला पुसले. हे सगळं लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

तर, वाघ्या गुरगुरला. मी बॅटरी मारली. खवल्यांच्या ढिगाजवळ दोन डोळे चमकले. वाघ्या सुटला बाणासारखा! अंधारात धावपळ झाली, केकाटणं ऐकू आलं आणि मिनिटभरात वाघ्या शेपूट घालून थेट भाच्याच्या वाकळेत.

"कोल्हा हाय, पाव्हणं," तात्या कूससुद्धा न बदलता म्हणाले. "आतड्याच्या वासानं आलाय. झोपा."

भाचा कुठला झोपतोय! "मामा, कोल्ह्याच्या जागी अस्वल असतं तर?"

आता बीडच्या माळावर अस्वल कुठलं यायला! महाराष्ट्रात अस्वल बघायचं तर मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, ताडोबात नाहीतर गडचिरोलीच्या जंगलात जायला हवं. पण तात्या उठून बसले. "आमच्या लहानपणी दरवेशी आणायचा की अस्वल गावात. नाकातून दोरी ओवलेली. दोरीला हिसका दिला की बिचारं नाचायचं." आज असा खेळ करणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वलाला संरक्षण दिलंय. पण दोरी नेमकी नाकातच का, ठाऊक आहे? कारण अस्वलाचं सगळं जग त्याच्या नाकात असतं. तिथं दुखलं की एवढं मोठं जनावरही हतबल होतं.

आपल्या अस्वलाचं नाक म्हणजे एक यंत्रच आहे. ते वारूळ शोधतं आणि लांबलचक नखांनी फोडतं. मग जोरात फुंकर मारून माती उडवतं. नंतर नाकपुड्या झाकणासारख्या बंद करतं, ओठांची नळी करतं आणि वाळवी सुर्रकन ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी थेट आत! हा भुरका शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. तुम्ही चहा असा प्यायलात तर आईचा धपाटाच मिळेल.

त्याची नखं आणि दात बघून जॉर्ज शॉ हा इंग्रज शास्त्रज्ञ तर पुरता फसला. १७९१ मध्ये त्यानं या प्राण्याला चक्क मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या आळशी 'स्लॉथ'चा भाऊबंद ठरवलं! चूक पुढं सुधारली, पण 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता वाघ्याचं नाक बघू. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या साधारण ५०-६० लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत! शिवाय नाक ओलं, त्यामुळे वासाचे कण त्याला चिकटतात. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूनं एक फट असते, बघितलीय कधी? सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो, म्हणजे समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही. कोल्हा आम्हाला दिसायच्या आधी वाघ्याला 'वासला' होता तो असा.

"मग वाघ्या बरोबर असला की अस्वलाची भीती नाही!" भाचा खूश.

उलट आहे, दोस्तांनो! अस्वलाची नजर अधू. वारूळ उकरण्यात ते दंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. दचकलं की ते सरळ अंगावर येतं. त्यात मोकळा सुटलेला कुत्रा भुंकत त्याच्यावर धावला तर? अस्वल चिडतं आणि कुत्र्याच्या मागे लागतं. आणि घाबरलेला कुत्रा पळतो कुठं? आठवा, वाघ्या कुठं पळाला होता! कोल्हा काही त्याच्या मागे आला नाही. अस्वल आलं असतं. थेट वाकळेपर्यंत.

म्हणूनच अस्वलांच्या मुलखात कुत्रा न्यायचाच झाला तर साखळीनं, आपल्याजवळ. आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पांत तर कुत्रा नेता येत नाही आणि मासेही धरता येत नाहीत. कुत्र्याला बंदी असण्यामागे आणखी एक कारण आहे. कुत्र्यांचे रोग जंगली प्राण्यांना होतात. २०१८ मध्ये गीरमध्ये 'कॅनाइन डिस्टेंपर' या रोगानं सिंह दगावले होते.

आपल्या अस्वलाला वाळवी, मध, जांभळं आणि मोहाची फुलं आवडतात, माशांचं त्याला वेड नाही. पण अलास्काच्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात या! तिथं जुलैमध्ये ब्रूक्स धबधब्यात तपकिरी अस्वलं उभी राहतात आणि उड्या मारणारे सामन मासे हवेतल्या हवेत पकडतात. त्याच नदीवर माणसंही गळ टाकून असतात. अस्वल जवळ आलं की गळ आवरायचा, आणि गळाला मासा लागलेला असला तर दोराच कापून टाकायचा! कारण माशाची फडफड ऐकली की अस्वल जेवायला हजर. तंबूंच्या भोवती विजेचं कुंपण असतं. जेवण तंबूत ठेवायचं नाही, माशाच्या वासाचे कपडे घालून झोपायचं नाही. आणि कुत्रा? त्या तळावर न्यायलाच बंदी.

आता आमच्या चुका मोजा बघू! आतडी पंधरा पावलांवर, माशाचे हात वाकळेला आणि वाघ्या मोकळा. तीन नियम, तिन्ही मोडलेले. नशीब, धनेगाव अलास्कात नाही!

पहाटे तात्यांनी जाळं काढलं. खवल्यांचा ढीग साफ झाला होता. ओल्या मातीत कोल्ह्याच्या पावलांची रांग होती, आणि तिच्यावर वाघ्याची उलटसुलट पावलं. जाताना लांब लांब टाकलेली आणि येताना त्याहून लांब!

करून बघा: सुक्या बोंबलाचा नाहीतर भाकरीचा तुकडा अंगणात लपवा. बोट ओलं करून वर धरा. ज्या बाजूनं गार लागेल तिकडून वारा येतोय. एकदा तुकडा त्या बाजूला ठेवा, एकदा विरुद्ध बाजूला. दोन्ही वेळा कुत्र्याला एकाच जागेवरून सोडा. तुकडा लवकर कधी सापडतो? पावलं मोजा, वहीत लिहा. आणि तुकडा लपवल्यावर हात साबणानं धुवा. नाहीतर कुत्रा तुकडा सोडून तुमचाच हात चाटत बसेल!