मोठी चाकं टाकली की रिक्षा मऊ चालते का?

तेलगावला बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर आणि टायरगाड्या याच रस्त्यांवर येतात. त्यांच्यातून वाट काढत रिक्षा आणि ॲपे आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजाराला, दवाखान्याला पोचवतात. मागच्या सीटवरची म्हातारी माणसं आणि गरोदर बाया खड्ड्याखड्ड्याला हादरे सोसतात. गाडी मऊ चालावी म्हणून धडपडणाऱ्या चालकाचं त्यामुळे कौतुकच करायला हवं. फक्त त्याला मिळणारा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘आठची चाकं काढ, दहाची टाक.’ बजाज आरई रिक्षाला 4.00-8 मापाचं टायर येतं. यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. ॲपेला 4.50-10 येतं. हवा भरल्यावर पहिल्या चाकाची उंची साधारण 41 सेंटिमीटर होते, दुसऱ्याची साडेसत्तेचाळीसच्या आसपास. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, हे खरंच आहे. पण किती कमी? वीस सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यात आठचं चाक सुमारे 2.6 सेंटिमीटर खाली जातं आणि दहाचं 2.2. फरक चार मिलिमीटरचा. खड्डा तीस सेंटिमीटरचा असला तर हा फरक सव्वा सेंटिमीटरपर्यंत जातो. फायदा आहे, पण कमी.

त्याची किंमत मात्र मोठी आहे. चाकाचा घेर सोळा टक्क्यांनी वाढतो, पण गिअर आणि इंजिन तेच राहतात. त्यामुळे चाकाशी मिळणारी ओढ सुमारे सातव्या हिश्शाने घटते. भरलेली गाडी तेलगावहून धारूरच्या घाटाला लागली, की दुसऱ्यावर चढणारी गाडी पहिला मागते, क्लच जळतो आणि ॲव्हरेजही पडतं. उतरताना याहून वाईट. ब्रेकचा ड्रम तोच असतो, चाक मात्र मोठं, म्हणून पेडल तितकंच दाबूनही ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात कमी पडतो. काटा 40 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 46 ने धावत असते. पुण्या-मुंबईत भाड्याचं मीटरही चुकलं असतं. तेलगावच्या सीटवर चालणाऱ्या गाड्यांना तो प्रश्न नाही, पण वेगाचा अंदाज चुकणं घाटात जिवावर बेतू शकतं.

शिवाय गाडी तीन सेंटिमीटरहून अधिक उंच होते. तीनचाकीला पुढे एकच चाक असल्याने वळणावर ब्रेक मारला, की वजन त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातं. तिथे गाडी मुळातच उलटायला सोपी असते, त्यात उंचीची भर. आणि शॉकअप पूर्ण दबला, की मोठं टायर मडगार्डला घासतं ते वेगळंच.

‘मग फक्त पुढचंच मोठं टाकू’ असाही एक विचार असतो. हा सगळ्यात वाईट पर्याय. पुढून गाडी उचलली गेली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, स्टेअरिंगची वागणूक बदलते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या दोन चाकांची मापं वेगवेगळी असली तर गाडी एका अंगाला ओढते आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत काम पडतं.

जास्त प्लायचं टायर मजबूत, म्हणून आरामदायी, हा दुसरा घोटाळा. 6 पीआर किंवा 8 पीआर हा आकडा टायर किती भार पेलेल ते सांगतो. प्लाय वाढली की टायरची बाजू कडक होते, आणि रिकाम्या गाडीला ते टायर अधिकच उडवतं.

हवा कमी ठेवली की गाडी मऊ लागते, हे सीटवर बसून खरं वाटतं. पण टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते, आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाते. मराठवाड्याच्या मे महिन्यात, भरल्या गाडीला असं टायर फुटायला वेळ लागत नाही. उन्हाळा आहे म्हणून मुद्दाम हवा कमी करायचीही गरज नसते. कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दिलेले आकडे थंड टायरचे असतात, म्हणून हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासावी.

मग हादरे येतात कुठून? एक कारण तीनचाकीच्या रचनेतच आहे. जीप खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊ शकते. रिक्षाच्या तीन चाकांच्या वाटा तीन, त्यामुळे मागच्या चाकांनी वाचवलेला खड्डा पुढच्याला भेटतो. हे कुठल्याही टायरने बदलत नाही. वेग कमी करणं हाच त्यावर उपाय. बाकीची कारणं मात्र हातातली आहेत. शॉकअपमधून तेल गळत असेल तर स्प्रिंग नुसती उसळत राहते. ॲपेच्या मागे रबरी स्प्रिंग असते, ती वर्षांनुवर्षांच्या भाराने कडक होते. पुढचे बुश झिजले की स्टेअरिंग खडखडतं. परवान्यापेक्षा जास्त सीट भरल्या तर सस्पेन्शन तळाला टेकतं आणि प्रत्येक दणका थेट चेसिसवर येतो. हे शेवटचं बोलायला अवघड आहे, कारण त्यावर घर चालतं. पण चाकाच्या मापापेक्षा या भारानेच जास्त हादरे बसतात.

‘टायर आपलं, गाडी आपली, आरटीओचा काय संबंध?’ संबंध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. गोटा टायरचाही नियम आहे: तीनचाकीच्या टायरची नक्षी 0.8 मिलिमीटरपेक्षा उथळ चालत नाही.

रिम खोलताना एक काळजी घ्याच. रिक्षाची रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली असते. आधी सगळी हवा सोडा, मगच ते नट ढिले करा. हवा भरलेली असताना रिम उघडली तर ती अंगावर येते.

मोठीच चाकं हवी असतील तर पुढची गाडी घेताना कारखान्यातूनच दहाची चाकं लावून आलेली घ्या. तिचे गिअर आणि ब्रेक त्याच मापाला जुळवलेले असतात. आज दारात आहे त्या गाडीला मूळ मापाचं चांगलं टायर, योग्य हवा आणि नवे शॉकअप द्या, आणि हे सगळं हंगाम सुरू होण्याआधी करून घ्या.