लहान दुर्बीण, मोठा आकडा

प्रवासास निघताना, किंवा मुलांस घेऊन रानात अथवा समुद्रकाठी हिंडताना जवळ एखादी लहानशी दुर्बीण असावी, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. त्यातही जिची शक्ती एक कळ सरकवून आठपटींपासून चोवीसपटींपर्यंत वाढविता येते, अशी खिशात मावणारी 'झूम' दुर्बीण दुकानात दिसली की मनुष्य भुलतो. मीही भुललो. त्यातून जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा जन्म जोहोरमधील एका रबराच्या मळ्यावरचा. त्यांचे आजोबा कंत्राटी मजूर म्हणून समुद्र ओलांडून आले. ती कंत्राटी पद्धत मलायात १९१० साली बंद झाली. आजोबा मात्र परत गेले नाहीत. अलीकडे आप्पांच्या मनाने घेतले, की सुंगेई बुलोहला जावे, पाखरे पाहावीत आणि जमल्यास खाडीपलीकडचा जोहोरचा किनाराही पाहावा.

सुंगेई बुलोह म्हणजे मलायी भाषेत बांबूची नदी. आपल्या बेटाच्या वायव्येस असलेली ही पाणथळ जागा १९८९ मध्ये निसर्गोद्यान म्हणून राखून ठेवण्यात आली, १९९३ मध्ये लोकांस खुली झाली आणि २००२ पासून ती संरक्षित राखीव क्षेत्र आहे. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत येथे उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. सोनचिखल्या तर सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशातून येतो. भरतीच्या वेळी चिखलाचे किनारे बुडाले, की हे पक्षी आतल्या तळ्यांत विसाव्यास येतात. पाहण्यास तीच वेळ उत्तम.

आम्ही गेलो ती सकाळ ढगाळ होती. मोठ्या हौसेने मी कळ चोवीसवर नेली आणि दुर्बीण आप्पांच्या हाती दिली. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "अरे, मला काळोखच दिसतो, आणि तोही हलतो." त्यांना वाटले, आपले डोळेच गेले. ते मुकाट्याने बाकावर जाऊन बसले. मला फार अपराधी वाटले.

दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. साध्या भागाकाराचा होता. दुर्बिणीवर ८×३२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पटींनी मोठे दिसेल तो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यास पहिल्याने भागले, की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ३२ भागिले ८ म्हणजे ४ मिलिमीटर. माझ्या दुर्बिणीचे भिंग २५ चे. त्यास २४ ने भागले तर जेमतेम १ मिलिमीटर उरतो! मग चित्र अंधुक दिसेल नाही तर काय? शिवाय पक्ष्याबरोबर हाताचा कंपही चोवीसपट वाढतो. म्हणूनच दहापटींच्या वरची दुर्बीण तिपाईवाचून बहुधा नीट वापरता येत नाही. झूम दुर्बिणीत दृश्याचा विस्तारही तोकडा असतो, त्यामुळे पक्षी सापडण्याआधीच उडून जातो. आणि दोन्ही नळ्यांतील भिंगे नेमकी सारखी सरकली नाहीत, तर एकाचे दोन दिसू लागतात.

पुढच्या खेपेस एका सहशिक्षकांची साधी ८×३२ दुर्बीण मागून नेली. प्रथम डावा डोळा मधल्या चाकाने जुळविला, मग उजवा त्याच्या स्वतंत्र कड्याने. आप्पांनी चष्मा लावूनच पाहिले. अशा वेळी डोळ्याकडील रबरी कडी आत दुमडावी, म्हणजे पूर्ण दृश्य दिसते. क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "याचे पाय तांबडे आहेत रे!" तो रेडशँक पक्षी होता.

नंतर त्यांनी दुर्बीण पलीकडच्या किनाऱ्याकडे वळविली. मळा दिसणे शक्यच नव्हते; दिसल्या त्या उंच इमारती. तरी ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. "ही पाखरे परत जातात ना?" त्यांनी विचारले. मी होय म्हटले. "मग बरे," एवढेच ते बोलले आणि पुन्हा तळ्याकडे वळले.

तेव्हा वाचकहो, दुर्बीण घेताना वेष्टनावरील मोठ्या आकड्यास भुलू नका. आठपट पुरे. भार फार नको असेल तर ८×२५ घ्या. चांगल्या उजेडात ती उत्तम काम देते. आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते, म्हणून शक्य तर जलरोधक घ्या आणि कोरड्या डब्यात ठेवा. विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या दाराशी उभे राहून दूरची पाटी वाचून पाहा. आणि घरातील वडीलधाऱ्यांस बरोबर न्या. त्यांच्या डोळ्यांस जी मानवेल, ती सर्वांस मानवेल.