रॉबर्ट स्मॉल्स : दोन घटनासमित्यांचा साक्षीदार

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. पण मुक्त झालेले गुलाम पुढे काय करीत होते? त्याच वर्षी दक्षिण कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये जन्माने गुलाम असलेला एक माणूस सभासद म्हणून बसत होता. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स.

५ एप्रिल १८३९ रोजी ब्यूफोर्ट गावी तो जन्मला. बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्स्टन शहरी मजुरीला लावले. मजुरी मालकाची, पोराच्या हाती आठवड्याला एक डॉलर. बंदरात राबता राबता तो जहाज हाकायला शिकला. यादवी युद्धात गुलामधारकांच्या लष्कराने त्याला ‘प्लँटर’ या आगबोटीच्या सुकाणूवर ठेवले. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने बोट हलवली, वाटेत बायकामुलांना घेतले, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली आणि ठरलेली शिटी देत सम्टर किल्ल्यासमोरून बोट बाहेर काढली. पांढरी चादर फडकवीत ती उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. सोळा माणसे गुलामीतून सुटली.

युद्धानंतर १८६८ मध्ये राज्याची नवी घटना लिहिली गेली. घटनासमितीत बहुसंख्य सभासद कृष्णवर्णीय होते. ज्या राज्यात गुलामाला अक्षर शिकविणे गुन्हा होता, तेथे सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असा ठराव स्मॉल्सने मांडला. तो स्वतः वयाच्या पंचविशीत वाचायला शिकला होता! १८७५ ते १८८७ या काळात, मधले खंड वगळता, तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला.

पण १८७७ साली केंद्राने दक्षिणेच्या रक्षणातून हात काढून घेतला. दहशत वाढली. त्याच वर्षी स्मॉल्सला लाचेच्या आरोपाखाली दोषी ठरविले गेले. १८७९ मध्ये माफी मिळाली. १८९५ मध्ये दुसरी घटनासमिती बसली. तीत कृष्णवर्णीय केवळ सहा. मतदाराने घटनेतील कलम वाचून दाखवावे किंवा त्याचा अर्थ सांगावा, अशी अट आली. परीक्षक गोरे. कायद्यात रंगाचा उल्लेखही नव्हता, कारण १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने त्याला मनाई केली होती. स्मॉल्सने कडाडून विरोध केला आणि त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी तो वारला. मतदानाच्या हक्काला केंद्रीय कायद्याचे खरे संरक्षण १९६५ मध्ये मिळाले. १८९७ नंतर त्या राज्यातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये पोहोचला तो थेट १९९३ साली.

सत्तावीस वर्षांत एकाच माणसाने हक्क लिहिले जाताना पाहिले आणि ते हिरावले जातानाही. हक्क कागदावर आले म्हणजे चळवळ संपली, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र वाचावे.