जुन्या ब्रिटिश फटफटीचे सुखदुःख

इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास तरुण असलेल्या एखाद्या मोटारसायकलस्वारास त्याच्या जुन्या गाडीविषयी विचारावे. तो प्रथम तिच्या आवाजाची वाखाणणी करील आणि लागलीच तिच्याखाली साचणाऱ्या तेलाचे गाऱ्हाणे सांगू लागेल. या दोन आठवणी परस्परविरोधी भासतात. परंतु दोहोंचे मूळ एकाच यंत्ररचनेत आहे.

एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ट्रायम्फ कंपनीची ‘स्पीड ट्विन’ ही गाडी १९३७ साली पुढे आली. तिच्या इंजिनात दोन सिलिंडर शेजारी शेजारी असून त्यांतील दट्टे एकाच वेळी वर जात व एकाच वेळी खाली येत. त्यामुळे इंजिन आटोपशीर राही, स्फोटांमधील अंतर समान पडे आणि आवाजास एक ठेका येई. बी.एस.ए. व नॉर्टन यांनीही पुढे हीच रचना स्वीकारली. मात्र हे दोन दट्टे एकमेकांचा धक्का तोलीत नसत. वेग वाढला की हादरे हँडलपर्यंत पोचत आणि बोल्ट ढिले होत. इंजिनाचे कवच उभे दुभागलेले असल्याने त्याच्या सांध्यातून तेल पाझरे. थंडीच्या सकाळी किक मारता मारता पाय भरून येई, तो त्रास निराळाच!

तरीही स्वार गाडीस चिकटून राही; कारण साध्या रचनेमुळे बरीचशी दुरुस्ती त्याला घरच्या घरी करता येई. गाडी तिच्या मालकाला अर्धा मिस्त्री बनवीत असे. कारखानदारांनी मात्र ही निष्ठा म्हणजेच समाधान असे मानले. १९५९ ची ‘बॉनव्हिल’ अधिक वेगवान होती. पण मूळ रचना तीच राहिली. १९६९ मध्ये जपानच्या होंडाची चार सिलिंडरची ७५० सी.सी. गाडी आली. तिला पुढे डिस्क ब्रेक होता व ती बटन दाबताच सुरू होई. १९७३ साली बी.एस.ए. डबघाईस आली आणि १९८३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखानाही बंद पडला.

रॉयल एनफील्डचा रेडिच येथील कारखाना तर १९६७ सालीच बंद झाला होता. परंतु तिची एका सिलिंडरची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली होती, ती टिकली. म्हणूनच इंग्रज वृद्धाच्या या संमिश्र आठवणी भारतातील जुन्या बुलेटस्वारासही परक्या वाटणार नाहीत. ग्राहक त्रास सोसतो, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नव्हे, हेच या आठवणी सांगतात.