वीज पडून मृत्यू झाल्यास 4 लाखांची मदत : रिछाई व जबलपूर परिसरातील मराठी कुटुंबांसाठी माहिती

मध्य प्रदेशात अंगावर वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना राज्य शासनाकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते. ती राजस्व पुस्तक परिपत्रक 6(4) खाली दिली जाते. तहसील कार्यालयात याला 'आरबीसी छह-चार' म्हणतात. तुम्हीही तेच नाव सांगा, काम लवकर समजेल. हा विमा नाही. आधी हप्ता भरलेला असावा लागत नाही.

अर्जात कोणता शब्द लिहावा?

अर्ज हिंदीत असतो आणि आपली अडचण इथेच होते. आपण मराठीत 'वीज पडली' आणि 'विजेचा शॉक बसला' असे वेगवेगळे बोलतो. हिंदीत घाईने 'बिजली से मौत' एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याला तारेचा करंट वाटू शकतो. करंटचे प्रकरण वेगळे असते, त्यात वीज कंपनीचा संबंध येतो. म्हणून पोलिसांना, पटवारींना (आपल्याकडचे तलाठी) आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी 'आकाशीय बिजली गिरने से' असेच सांगा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी हे शब्द लिहिलेत का, ते वाचून घ्या.

शवविच्छेदन टाळू नका

दुःखात हे सांगणे कठीण आहे, पण पोलिसांना न कळवता अंत्यसंस्कार केल्यास मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार अवघड होते. शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा मर्ग कागद, पंचनामा, मृत्यू दाखला, वारसाचे आधार आणि बँक पासबुक ही मुख्य कागदपत्रे. अर्ज तहसीलदारांकडे किंवा लोकसेवा केंद्रात द्या आणि पावती घ्या. उत्तर येत नसेल तर 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पावसाळ्याआधी घरी काय करावे?

आपल्या घरांत लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची पद्धत आहे. आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकात सासरचे, असे असेल तर मदतीची रक्कम खात्यात जमा होताना अडते. हे आत्ताच दुरुस्त करून घ्या. सर्व कागद प्लास्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून उंचावर ठेवा.

मोबाइलवर 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले हे ॲप आसपास वीज पडत असल्याचा इशारा देते. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली किंवा कारखान्याबाहेरच्या उघड्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे आतच राहा. पाऊस थांबला म्हणून लगेच सायकल काढणारे पुष्कळ असतात. तसे करू नका.

कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका, शरीरात करंट उरत नाही. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि 108 ला फोन करा. काही गावांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्याने काहीही उपयोग होत नाही, उलट दवाखान्यात नेण्याची वेळ निघून जाते.

जखमी वाचला पण कायमचे अपंगत्व आले, तरी याच 6(4) खाली अर्ज करता येतो. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र घ्या. रक्कम अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरते.