वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाडातील कापूस पिकवणारा कुणबी आणि लँकेशरमधील गिरणीमालक यांच्यात पत्रव्यवहार असा नव्हताच. दोघांच्या मध्ये गावचा सावकार, दुसऱ्याचा माल अडतीवर म्हणजे ठरावीक मोबदल्यावर विकून देणारा अडत्या, मुंबईचा दलाल आणि निर्यात करणारी पेढी उभी असे, व यांपैकी प्रत्येक जण आपल्याला सोयीची तेवढीच बातमी पुढे सोडी.

मालाची ओळख मात्र समुद्रापार पोहोचत होती, ती पेठेच्या नावाने. लिव्हरपूलच्या भावपत्रकात अमरावतीचा कापूस ‘ऊमरा’ म्हणून नोंदला जाई आणि ‘हिंगणघाट’ हे नाव त्याहून सरस प्रतीची खूण मानले जाई; पिकवणाऱ्याचे नाव पहिल्या पेठेतच, त्याचा माल इतरांच्या ढिगात मिसळताच, पुसले जात असे. त्यामुळे स्वच्छ वेचणी करणाऱ्याला तिचे श्रेय मिळत नसे, आणि रुईत सरकी वा माती मिसळल्याची गिऱ्हाइकाची तक्रार परत आली ती कोणा शेतकऱ्याच्या नावे नव्हे, तर मुंबई सरकारने १८६३ मध्ये केलेल्या भेसळविरोधी कायद्याच्या रूपाने.

भावाची बातमी मालाहून वेगाने धावे. सुएझमार्गे येणारे आगबोटीचे टपाल लंडनहून मुंबईला सुमारे महिन्याभरात पोहोचे, तर गाठी घेऊन आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकी कापूस इंग्लंडला मिळेनासा होऊन मुंबईत भाव भडकले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. शेतापर्यंत या उलथापालथीचा आकडा पोहोचे, पण तिचे कारण क्वचितच, आणि कारण ठाऊक नसलेल्या आकड्यावर पुढच्या हंगामाचा पेरा ठरवणे हा जुगारच होता.

१८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली, त्याच वर्षी खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला, आणि पूर्वी महिन्याने कळणारा भाव मुंबईच्या पेढ्यांना फार तर काही दिवसांत कळू लागला. या वेगाचा लाभ प्रथम झाला तो तार वाचणाऱ्यांना. पेठेत सौदा पूर्वीसारखाच रुमालाखाली ठरे: अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून आकडे सांगत, प्रत्येक बोटाला व पेराला ठरलेले मूल्य असे, आणि ज्याचा माल तो शेतकरी गाडीशेजारी उभा राहूनही काय बोलणे झाले हे जाणू शकत नसे. इतर खरेदीदारांपासून भाव गुप्त राहावा हे या रीतीचे समर्थन, पण ती सर्वाधिक गुप्तता विकणाऱ्यापासूनच राखी. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तरी देशातील अनेक पेठांत हा व्यवहार टिकून राहिला आणि १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगापुढे त्याची चर्चा व्हावी लागली.